अंदमानात कुठे राहायचं: आधी किनारा ठरवा, खोली नंतर

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं की फेब्रुवारीत पुण्याहून सहा जण जाणार, तुम्ही दोघं, सात आणि अकरा वर्षांची मुलं, सासू-सासरे, त्यात सासऱ्यांचे गुडघे दुखरे. एकूण सहा रात्री. एजंटने दिलंय पोर्ट ब्लेअर शहरात दोन, हॅवलॉक बेटावर एक, नील बेटावर एक, परत पोर्ट ब्लेअर दोन. आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, हॅवलॉकला राधानगरजवळ राहायचं की पाच नंबर बीचला, नीलला रात्र घालावी का, आणि 'सी व्ह्यू' खोलीला दीडपट पैसे द्यावेत का. मी बरीच वर्षं अंदमानच्या टूर लावतोय, मुख्यतः आपल्याकडच्या फॅमिलीज, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

सगळ्यात आधी ते पॅकेज बदलून घ्या. सहापैकी चार रात्री पोर्ट ब्लेअरला म्हणजे बीच हॉलिडेला जाऊन शहरात राहण्यासारखं आहे. पोर्ट ब्लेअरला (आता सरकारी नाव श्री विजयपुरम, पण बोलताना सगळे जुनंच नाव घेतात) खोल्या भरपूर आणि स्वस्त, एजंटांचे रेट ठरलेले असतात, म्हणून पॅकेजचा आकडा खाली आणायला तिथल्या रात्री वाढवल्या जातात. पण शहरात पोहता येईल असा किनारा म्हणजे एक कॉर्बिन्स कोव्ह, बाकी सगळा बंदराचा भाग. तिथे 'सी व्ह्यू' म्हणून मिळतं ते बंदर आणि समोरचं रॉस बेट, दिसायला छानच आहे, पण मुलं खिडकीतून समुद्र बघून खूश होणार नाहीत, त्यांना पाण्यात जायचंय.

माझ्या मते तुमच्यासाठी पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मग सलग तीन रात्री हॅवलॉक, एक नील, आणि शेवटची परत पोर्ट ब्लेअर. ती शेवटची रात्र कुणी कितीही सांगितलं तरी काढू नका. नीलहून सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान पकडायचं असा प्लॅन कागदावर मस्त दिसतो, पण समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. २०१६ च्या डिसेंबरात वादळी हवामानात शेकडो पर्यटक हॅवलॉक-नीलला अडकले होते, नौदलाची जहाजं पाठवून त्यांना आणावं लागलं. फेब्रुवारीत समुद्र बहुतेक शांत असतो, तरी म्हातारी माणसं आणि मुलं बरोबर असताना ती धावपळ नकोच.

पहिल्या रात्रीचं हॉटेल एअरपोर्टजवळ न घेता अबर्डीन बाजार किंवा सेल्युलर जेलच्या बाजूला घ्या. अंतर फार नाहीये, पण त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही जेल आणि लाइट अँड साऊंड शो बघणार, शो संपल्यावर सासऱ्यांना पाच मिनिटात खोलीवर नेता यावं. आपली मराठी माणसं तात्याराव सावरकरांची कोठडी बघितल्याशिवाय परत येत नाहीत, ती अगदी वरच्या मजल्यावर आहे, जिने चढावे लागतात, म्हणून जेल दुपारी ऊन उतरल्यावर सावकाश करा, मध्ये बसायला वेळ ठेवा. मुलांना आधी सांगून ठेवा की मूळ सात विंगांपैकी आज तीनच उभ्या आहेत, मग ते तिथे गेल्यावर स्वतः मोजतात, प्रश्न विचारतात, जेल नीट बघितलं जातं.

आता हॅवलॉक (स्वराज द्वीप, २०१८ च्या शेवटी नाव बदललं). इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो कारण किनाऱ्यांना नंबर आहेत आणि नंबरवरून काहीच कळत नाही. जेट्टी उत्तरेला. तिथून एक रस्ता पूर्व किनाऱ्याला धरून जातो, आधी तीन नंबर म्हणजे गोविंदनगर, हाच मुख्य बाजार, मग पाच नंबर म्हणजे विजयनगर, आणि पार शेवटी कालापत्थर. दुसरा रस्ता तीन नंबरच्या बाजारातून फुटतो आणि बेट आडवं ओलांडून पश्चिमेला सात नंबरला जातो, तेच राधानगर, जेट्टीपासून साधारण बारा किलोमीटर. टाइम मासिकाने २००४ साली आशियातला सर्वोत्तम किनारा म्हणून ज्याचं नाव घेतलं होतं तो हाच. तर राहायच्या दृष्टीने हॅवलॉकचे दोनच भाग, पूर्व आणि पश्चिम, आणि दोन्हीकडचा समुद्र पूर्ण वेगळा आहे.

पूर्वेकडे, म्हणजे तीन आणि पाच नंबरला, समुद्र उथळ, लाटा जवळपास नाहीतच, किनाऱ्यावर महुआची मोठी झाडं पाण्यावर झुकलेली, भरतीच्या वेळी बघाल तर हिरवं-निळं पाणी अगदी झाडाच्या मुळाशी येतं. हॉटेलवाले फोटो त्याच वेळेला काढतात. ओहोटीला तेच पाणी लांबवर आत जातं आणि खाली उघडे पडतात दगड, मेलेलं प्रवाळ, चिखलट वाळू. चालायला सँडल लागतात आणि पोहणं तर विसराच. ही काही त्या हॉटेलची चूक नाही, तो किनाराच तसा आहे. पण ज्यांना कुणी सांगितलेलं नसतं ते दुपारी जेवून मुलांना घेऊन पाण्यात जायला निघतात आणि समोर नुसते खडक, मग चिडचिड होते, ट्रिपचा मूड जातो.

पश्चिमेचं राधानगर ह्याच्या उलट. लांबलचक पांढरी वाळू, तळालाही वाळूच, उतार हळूहळू, त्यामुळे भरती असो की ओहोटी पाण्यात जाता येतं. फेब्रुवारीत लाटा मुलांना मजा येईल इतपतच असतात. मे ते सप्टेंबर मात्र नैर्ऋत्य मान्सूनमध्ये हीच बाजू खवळते आणि तेव्हा पूर्वेकडचं पाणी शांत असतं, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात वारा ईशान्येचा असल्यामुळे पूर्वेला पाणी हलतं. म्हणजे बाजू निवडताना महिनाही बघावा लागतो. तुमच्या महिन्यात दोन्ही बाजू चालतील.

मग सरळ राधानगरलाच राहू या की, असं वाटेल. बजेट असेल तर जरूर राहा, ताज आणि बेअरफूट ही दोन नावं तुम्ही ऐकली असतील, दोन्ही त्याच बाजूला आहेत आणि राधानगरला सकाळी सहाला कुणी नसताना चालत जाणं ह्या सुखाची किंमत त्या भाड्यात असते. पण ह्या बाजूला मधल्या बजेटचे पर्याय अगदी मोजके, संध्याकाळी सूर्यास्त झाला की किनारा रिकामा करायला लावतात, ठेलेवाले आवरतात, आणि अंधारात रिक्षा मिळणं अवघड होतं. औषधाचं दुकान, एटीएम, व्हेज जेवणाची हॉटेलं, स्कूबावाले, बोटीचं ऑफिस, सगळं तीन नंबरला किंवा त्या रस्त्यावर. मुलाला रात्री ताप आला तर तुम्हाला बाजाराच्या जवळ असायला हवं. सहा जणांच्या फॅमिलीसाठी मी पाच नंबरलाच ठेवतो आणि राधानगरला गाडी करून दोनदा पाठवतो, एकदा सूर्यास्ताला सगळे जातात तसं, आणि एकदा सकाळी लवकर, ही दुसरी खेप चुकवू नका. सकाळी ऊन मागून झाडांच्या वरून येतं, किनाऱ्यावर अर्धा भाग सावलीत असतो, गर्दी नसते, सासू-सासरे निवांत बसू शकतात आणि मुलं तासन् तास पाण्यात.

हे सकाळचं मी सारखं का सांगतोय, तर अंदमानचं घड्याळ आपलंच आहे पण सूर्य आपला नाही. बेटं इतकी पूर्वेला आहेत की फेब्रुवारीत सहाच्या आत उजाडतं आणि साडेपाचला सूर्यास्त उरकतो. आपल्या सवयीने नऊला नाश्ता करून अकराला बाहेर पडलात तर दिवसाचा चांगला भाग संपलेला असतो. म्हणून हॉटेल निवडतानाही विचारा की नाश्ता किती वाजता सुरू होतो, लवकर निघायचं असेल तर पॅक करून देतात का. आणि चेकआऊटची वेळ बघा, हॅवलॉकला बऱ्याच ठिकाणी ती सकाळी साडेसात ते नऊच्या मधली असते कारण बोटी लवकर सुटतात, तुमची बोट दुपारची असेल तर सामान आणि आजी-आजोबांना बसायला जागा मिळेल का हे आधीच मेसेजवर लिहून घ्या.

आता ओहोटीचं गणित, कारण पाच नंबरला राहायचं तर हे लागणारच. आपल्या कोकणातले लोक तिथीवरून सांगतात तसंच आहे, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप, फरक दोन मीटरच्या आसपास जातो. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढ-उतार कमी, आणि पाच नंबरला पोहायला जास्त वेळ मिळतो. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब तिथे नेऊ नका, त्या बाजूच्या वेळा वेगळ्या आहेत, पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं टेबल नेटवर फुकट मिळतं ते बघा. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे तीन रात्रींचा अंदाज घरी बसून मांडता येतो. भरती ज्या वेळेत तेव्हा हॉटेलच्या समोर पाण्यात, ओहोटी ज्या वेळेत तेव्हा राधानगर किंवा बाजार किंवा झोप. इतकं केलंत तर पाच नंबरची कुणाची तक्रार येत नाही, माझ्याकडे तरी नाही आलेली.

पाच नंबरला हॉटेल बघताना नकाशावर उपग्रहाचं चित्र लावा आणि एकच गोष्ट तपासा, हॉटेल रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला आहे की शेताकडच्या. दोन्हीकडची हॉटेलं जाहिरातीत बीच रिसॉर्टच म्हणवतात. शेताकडच्या बाजूची वाईट नसतात, उलट नवीन आणि स्वस्त असतात, पण तुम्हाला प्रत्येक वेळी रस्ता ओलांडून दुसऱ्या कुणाच्या तरी कुंपणाजवळून पाण्यापर्यंत जावं लागणार, सात वर्षांच्या मुलाबरोबर हे दिवसातून चारदा करून बघा. म्हणून माझं म्हणणं, रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूची बागेतली साधी खोली घ्या आणि 'सी व्ह्यू'चे जास्तीचे पैसे वाचवा. बागेतून दोन मिनिटात पाणी असतं, आणि समुद्रासमोरच्या पहिल्या रांगेतल्या खोलीत तसंही तुम्ही साडेपाचनंतर अंधारात बसणार. पैसे वाढवायचेच तर दोन खोल्या शेजारी-शेजारी मिळण्यासाठी वाढवा, सासू-सासरे आणि तुम्ही लांब-लांब कॉटेजमध्ये नकोत.

सासऱ्यांसाठी विचारायचे प्रश्न वेगळे. रिसेप्शनपासून खोली किती लांब आणि वाट वाळूची की फरशीची, कारण बऱ्याच रिसॉर्टमध्ये कॉटेज आत बागेत असतात आणि वाळूत गुडघा दुखतो. खोलीला पायऱ्या किती, काही हट्स खांबांवर उंच असतात, काही दोन मजली असतात आणि पलंग वर. कमोड आहे का, बाथरूमला कठडा आहे का. बांबूच्या हट्स तरुण मंडळींना आवडतात, स्वस्तही असतात, पण नुसता पंखा आणि मच्छरदाणी, दुपारी आतमध्ये तापतं, तुम्ही पक्क्या बांधकामाची एसी खोलीच घ्या. वीज जाते, त्यामुळे जनरेटरवर एसी चालतो की फक्त दिवे-पंखे, हे स्पष्ट विचारा. पाणी बेटावर जपून वापरायची गोष्ट आहे, टबबाथ वगैरेच्या मागे लागू नका. नेटवर्क आता बरं आहे, २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली त्यानंतर हॅवलॉकला फोनवर काम होण्यासारखं झालं, तरी रोख पैसे पोर्ट ब्लेअरहूनच घेऊन निघा.

खाण्याचं म्हणाल तर ही बेटं मुख्यतः पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेली, त्यामुळे साध्या खानावळीत भात, डाळ, भाजी आणि ताजी मच्छी मिळते, आपल्या माणसांना हे जेवण लगेच जमतं. पॅकेजमध्ये नाश्ता आणि रात्रीचं जेवण दोन्ही टाकून देतात, एमएपी म्हणतात त्याला, तुम्ही हॅवलॉकला फक्त नाश्त्याचा प्लॅन घ्या, बाजार जवळ आहे. नीलला मात्र रात्रीचं जेवण हॉटेलमध्येच घ्या, तिथे पर्याय कमी आणि लवकर बंद होतात.

तुमच्या अकरा वर्षांच्या मुलाला स्कूबा करायचं असेल तर शिकाऊ डाइव्हला साधारण दहा वर्षांची अट असते, म्हणजे त्याला चालेल, धाकट्याला नाही. पोहता आलंच पाहिजे असंही नाही. ते हॅवलॉकच्या पहिल्या पूर्ण दिवशी सकाळी ठेवा, दुकानं पूर्वेच्याच रस्त्यावर आहेत, भल्या सकाळी बोलावतात, राधानगरहून त्या वेळी यायचं म्हणजे सगळ्यांची झोपमोड, हेही पाच नंबरच्या बाजूने एक कारण. डाइव्हनंतर विमानाआधी चोवीस तास सोडायचे असतात, तुमच्या प्लॅनमध्ये ते आपोआप सुटतात.

नील (शहीद द्वीप) बद्दल. छोटं, सपाट, शेतीचं बेट, भाजीपाला पिकतो, गावांची नावं रामायणातली, रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. गोव्यासारखी शॅक, गाणी, रात्रीची वर्दळ हॅवलॉकलाही नाही आणि नीलला तर अजिबात नाही, ज्यांना शांतता हवी त्यांना मी दोन रात्री देतो. तुम्हाला एक पुरे. भरतपूर किनारा जेट्टीच्या अगदी शेजारी, उथळ पाणी, काचेच्या तळाच्या बोटी, सासू-सासऱ्यांना पाण्यात न उतरता प्रवाळ आणि मासे बघता येतात. हॉटेल जेट्टीपासून एक-दोन किलोमीटरच्या आतच घ्या. सीतापूर सुंदर आहे, पण टोकाला आहे, एका रात्रीसाठी तेवढं लांब जाण्यात अर्थ नाही. सूर्यास्ताला लक्ष्मणपूर. तिथला दगडी नैसर्गिक पूल ओहोटीलाच नीट बघता येतो आणि वाट ओल्या, निसरड्या खडकांवरून आहे, सासऱ्यांना तिथे नेऊ नका, तुम्ही दोघं आणि मोठा मुलगा जाऊन या.

दोन काळजीच्या गोष्टी, ज्या हॉटेलवाले स्वतःहून सांगत नाहीत. एक, सँडफ्लाय, वाळूतले बारीक किडे, दिसत नाहीत पण चावल्यावर आठवडाभर खाज, राधानगर आणि लक्ष्मणपूरला संध्याकाळी जास्त. मुलांना कोरड्या वाळूवर नुसतं लोळू देऊ नका, चटई घ्या, पायांना खोबरेल तेल चोपडा. दुसरी, मगरी. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, खाडी, खारफुटी, नाल्याची तोंडं ही त्यांची जागा. राधानगरला लागून असलेल्या नील्स कोव्हमध्ये २०१० साली एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झालेला आहे. घाबरून जाऊ नका, जिथे लाइफगार्ड बसतात आणि लोक पोहतात तिथेच पाण्यात जा, बोर्ड लावलेल्या जागी एक पाऊलही नको, आणि ज्या हॉटेलच्या समोर खारफुटी किंवा नाल्याचं तोंड दिसतंय ते, कितीही एकांतात आणि स्वस्तात मिळालं तरी, मुलांबरोबर घेऊ नका.

बुकिंगचा क्रम असा ठेवा, आधी विमान, मग लगेच हॅवलॉकच्या दोन शेजारच्या खोल्या, मग तिन्ही बोटींची तिकिटं, सगळ्यात शेवटी पोर्ट ब्लेअर, ते कधीही मिळतं. खासगी बोट पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला दीडेक तास घेते, सरकारी अडीचच्या आसपास आणि बरीच स्वस्त, पण तिकिटाची खटपट आहे, म्हाताऱ्या माणसांबरोबर खासगीच घ्या आणि जेट्टीवर बॅग उचलायला माणूस ठरवा, चालायचं अंतर बरंच असतं. एजंटला सांगा की हॉटेलचं नाव आणि खोलीचा प्रकार लिहून द्या, 'किंवा तत्सम' हा शब्द हॅवलॉकच्या ओळीतून काढायला लावा, कारण तत्सम म्हणजे रस्त्याच्या पलीकडचं हॉटेलही असू शकतं. तारखा पक्क्या झाल्या की कळवा, त्या तीन दिवसांच्या ओहोटीच्या वेळा बघून राधानगरला कुठल्या सकाळी जायचं ते मी सांगतो.